गिअरबॉक्सचा ताप

डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा अर्धवट खरं बोलतो, हे बहुतेक ड्रायव्हरना आयुष्यभर कळत नाही आणि कळायची गरजही पडत नाही. गाडी एकदा गरम झाली की काटा मधोमध येऊन बसतो आणि मग इंजिनचं पाणी आणखी बरंच वरखाली झालं तरी तो जागचा हलत नाही. हे कंपन्यांनी मुद्दाम केलंय, कारण काटा जरा सरकला की लोक घाबरून गाडी सर्व्हिसला आणून उभी करायचे. त्यामुळे तो हलतो तेव्हा बहुतेक वेळा वेळ निघून गेलेली असते. बरं हे झालं इंजिनच्या पाण्याचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला तर बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, थेट एक दिवा लागतो, आणि तो लागला की समजायचं आता खिसा हलका होणार.

आता हे सगळं मला कशाला माहीत असायला पाहिजे, मी काही मेकॅनिक नाही, डेन्व्हरजवळ राहतो आणि दिवसभर कंप्युटरसमोर बसतो. पण आमच्याकडे पिकअप ट्रक आहे. इथल्या मंडळात हायलँडर नाहीतर ओडिसी असते सगळ्यांकडे, आता टेस्ला, पण पिकअप म्हटलं की लोक अजून विचारतात, काय रे, शेती घेतलीस का कुठे. शेती नाही, कॅम्पर आहे. मागे ओढायचा, आत दोन बेड, शेगडी, फ्रिज, बारकं बाथरूम, सामान भरल्यावर साधारण पाच हजार पौंड म्हणजे सव्वादोन हजार किलोच्या वर. आणि कॉलोराडोत कॅम्पर घेऊन कुठेही जायचं म्हटलं की चढ आलाच.

तर ताप कुठून येतो ते आधी सांगतो, कारण मलाही आधी वाटायचं की इंजिन गरम म्हणून गिअरबॉक्स गरम. तसं नाहीये. ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. बंद डबा, पूर्ण तेलाने भरलेला. एका बाजूची पाती इंजिन फिरवतं, ती तेल फेकतात, त्या तेलाच्या माऱ्याने समोरची पाती फिरतात आणि पुढे चाकं. मधे आणखी एक पात्यांचं चाक असतं, स्टेटर, ते परत येणाऱ्या तेलाला वळवून जोर वाढवून देतं. दोन्ही बाजूंमध्ये लोखंडाला लोखंड लागत नाही, म्हणून तर ब्रेक दाबून गाडी डीमध्ये उभी राहू शकते आणि इंजिन बंद पडत नाही. पण दोन्हीच्या फिरण्यात जो फरक पडतो, जी स्लिप, ती वाया जात नाही हो, ती सगळी उष्णता होऊन त्याच तेलात जाते.

हिशोब करून बघितला मी एकदा. ट्रक, कॅम्पर, माणसं, सामान सगळं मिळून पाच टन, सहा टक्के चढ, ताशी ४५ मैल. गाडीला नव्वद ते शंभर किलोवॉट लागतात नुसतं चढत राहायला. कन्व्हर्टरमध्ये त्यातले दहा टक्के जरी गेले तरी नऊ-दहा किलोवॉट, म्हणजे घरातले दोन किलोवॉटवाले पाच गिझर एकाच वेळी चालू आणि ते सगळे मिळून तापवतायत दहा-बारा लिटर तेल. आता ते तेल रेडिएटरमधून आणि पुढच्या छोट्या कूलरमधून फिरून थंड होऊन परत येतं, म्हणून निभतं.

यावर उपाय म्हणजे लॉकअप. कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच असतो, वेग जमला की तो दोन्ही बाजू एकमेकींना जखडून टाकतो, स्लिप जवळपास शून्य आणि ताप बंद. हा पॅकार्डने १९४९ सालीच आणला होता, पण सगळीकडे पसरला तो १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर, क्रायस्लरने १९७८ मॉडेलपासून लावला, तोही पेट्रोल वाचवायला, गिअरबॉक्स थंड ठेवायला नाही. फायदा आमच्यासारख्या ओढणाऱ्यांचा झाला.

तेलाचीही गंमत आहे. पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ऑटोमॅटिक म्हणजे जीएमची, जनरल मोटर्सची, हायड्रामॅटिक, १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आली. पुढे कित्येक वर्षं ऑटोमॅटिकच्या तेलात, आतल्या गिअर बदलणाऱ्या क्लचना नीट पकडता यावं म्हणून, स्पर्म व्हेलचं तेल मिसळायचे. देवमाशाचं! १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर अमेरिकेत बंदी आली तेव्हा केमिस्टांची पळापळ झाली, कारण उष्णतेत टिकणारं दुसरं काही पटकन सापडेना. मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तू हे जेवताना का सांगतोयस.

असो. तर तापमान बघायचं कसं. आमच्या शेव्हीत, म्हणजे जीएमच्याच शेव्हरोले ट्रकमध्ये, तो आकडा आहे, पण स्टिअरिंगवरच्या बाणांनी चार पायऱ्या आत गेल्यावर सापडतो, आणि तिथे नुसता एक आकडा दिसतो, आत्ताचा. मला तो पुरेना. कारण १९८ फॅरनहाइट हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, १८५ वरून वर येतोय का २१५ वरून खाली, ते महत्त्वाचं. म्हणून मी स्टिअरिंगखालच्या पोर्टात ब्लूटूथचा डोंगल लावला आणि मोबाईलवर ॲप. हा पोर्ट १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला सक्तीचा आहे. इंजिनच्या पाण्याचं तापमान सगळ्यांचं एकाच कोडवर मिळतं. पण गिअरबॉक्सच्या तेलाला असा सगळ्यांना चालणारा कोड नाही, प्रत्येक कंपनीचा वेगळा, तो शोधून स्वतः टाइप करायचा. जीएमला विचारायचं २२ १९ ४०. उत्तर येतं ६२ १९ ४० ८८. पहिले तीन आकडे म्हणजे तुझा प्रश्न मिळाला, आणि शेवटचं ८८ हे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, आपल्या नेहमीच्या आकड्यांत १३६, त्यातून ४० वजा करायचे, ९६ सेल्सियस, फॅरनहाइटमध्ये २०५. वजा ४० का, तर हिवाळ्यात शून्याखालचं तापमानही एका बाइटमध्ये बसावं म्हणून. दिवसभर जे करतो तेच शनिवारी ड्राइव्हवेमध्ये बसून केलं आणि पहिल्यांदा तो आकडा आला तेव्हा इतका आनंद झाला की ऑफिसातल्या कोडने तो कधी दिला नाही.

मग किती असावं? जुन्या गॅरेजांमध्ये एक तक्ता असायचा, अजूनही सगळीकडे फिरतो. १७५ फॅरनहाइटला, म्हणजे ७९-८० सेल्सियसला, तेल एक लाख मैल टिकतं, आणि त्यावर दर २० डिग्रीला आयुष्य निम्मं. १९५ ला पन्नास हजार, २१५ ला पंचवीस, असं करत २९५ ला दीड हजार. २४० च्या आसपास सील कडक व्हायला लागतात, २६० ला क्लच घसरायला लागतात वगैरे. हा तक्ता वाचून माझी झोप उडाली होती, कारण आमची गाडी मोकळी असतानाच १९० ला असते. पण तो जुन्या मिनरल तेलाच्या काळातला हिशोब आहे. आताची सिंथेटिक तेलं बरंच जास्त सोसतात, आणि नवे गिअरबॉक्स तर मुद्दाम गरम चालवतात. कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅटसारखा एक बायपास व्हॉल्व्ह असतो, तेल पुरतं गरम झाल्याशिवाय तो कूलरकडे जाऊच देत नाही. गरम तेल पातळ, पातळ तेल फिरवायला ताकद कमी, आणि तेवढंच मायलेज सरकारी चाचणीत वर दिसतं.

काही लोक हा व्हॉल्व्ह उलटा बसवतात किंवा काढूनच टाकतात, म्हणजे तेल कायम कूलरमधून फिरतं आणि आकडा १५० वर येतो. टेक्सासमध्ये असेल ठीक. मला नाही पटत. आमच्याकडे जानेवारीत एखाद्या सकाळी उणे वीस सेल्सियस असतं, त्यात तेल मधासारखं घट्ट होतं, ते नीट गरमच झालं नाही तर गिअर पडताना धक्के, आत साठलेली वाफ निघत नाही, तो वेगळाच त्रास. आकडा कमी दिसला की बरं वाटतं एवढंच त्यामागचं कारण आहे बऱ्याच जणांचं, आणि बरं वाटायला गाडीची रचना बदलणं जरा जास्तच झालं.

दुसरं म्हणजे सेन्सर कुठे आहे ते बघायला हवं. बहुतेक गाड्यांत तो खालच्या पॅनमध्ये किंवा तिथेच वर व्हॉल्व्ह बॉडीवर, म्हणजे सगळं तेल मिसळून जिथे साचतं तिथे. कन्व्हर्टरमधून नुकतं बाहेर पडलेलं तेल त्याहून कितीतरी गरम असू शकतं. काही टोयोटांमध्ये दोन्ही आकडे वाचता येतात, चढावर कन्व्हर्टरचा आकडा उसळ्या मारतो आणि पॅनचा आरामात मागून येतो. म्हणून दोन मित्रांनी आकडे जुळवत बसण्यात काही अर्थ नाही, तुझा २२० आणि माझा २२० एक नाहीत. आपल्याच गाडीचा रोजचा आकडा आधी माहीत पाहिजे, मग तो बिघडला की कळतं.

आता आय-सेव्हन्टी, आमचा डोंगरात चढणारा हायवे. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे मैलभर उंच, आणि तिथून पश्चिमेला साधारण साठ मैलांवर आयझेनहॉवर बोगदा, ११,१५८ फूट. पहिली नळी १९७३ ला उघडली, दुसरी १९७९ ला. मधे फ्लॉइड हिल, आयडाहो स्प्रिंग्ज, जॉर्जटाउन, आणि जॉर्जटाउन ते सिल्व्हर प्लूम हा तुकडा असा की तिथे ट्रकवाले उजव्या लेनमध्ये इमर्जन्सी दिवे लावून रांगत असतात. या रस्त्याची खरी मेख चढात नाही, हवेत आहे. वर बोगद्यापाशी हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास तीस टक्के विरळ. साध्या इंजिनची ताकद तेवढी पडते, हे सगळ्यांना माहीत असतं, टर्बोवाले, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा असलेले, त्यावर खूश असतात की आमची पडत नाही. पण कूलरला टर्बो नसतो ना. त्यावरून जाणारी हवाच कमी, मग उष्णता कोण नेणार.

आणि ट्रक किती वजन ओढू शकतो हा जो आकडा जाहिरातीत असतो तो ठरतो ॲरिझोनात. बुलहेड सिटीपासून वर जाणारा डेव्हिस डॅमचा चढ, ११.४ मैल. जे२८०७ नावाचा स्टँडर्ड आहे, त्यात शंभर फॅरनहाइट हवेत, एसी फुल ठेवून, पूर्ण वजन मागे लावून हा चढ चढायचा, ताशी चाळीस मैलांच्या खाली यायचं नाही आणि कुठलाही दिवा लागता कामा नये. टोयोटाने सगळ्यात आधी २०११ च्या टुंड्रासाठी तो पाळला, बाकीच्यांनी पुढे काही वर्षांनी. चांगली, कडक चाचणी आहे, मला मान्य आहे. पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. आमचा घरातून निघतानाच त्याच्या वरून सुरू होतो. म्हणून कॉलोराडोत जाहिरातीतला आकडा पूर्ण वापरायचा नसतो, हे इथले जुने लोक सांगतात ते उगीच नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाबा आले होते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, नाशिक डेपो, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठल्याही गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो. त्यांना ट्रक आवडला, कॅम्पर आवडला, आणि सगळ्यात काय आवडलं तर कॅम्परच्या टायरवर मोठ्या अक्षरात एसटी लिहिलेलं. ते स्पेशल ट्रेलर म्हणून असतं, पण त्यांनी त्याचा फोटो काढून डेपोतल्या ग्रुपवर टाकला, म्हामंडळ अमेरिकेत पोचलं म्हणून.

जॉर्जटाउन सोडलं आणि ॲपवर २१२ दिसलं. बाबांची नजर मोबाईलवरच होती.

"हे काय आहे रे २१२?"

"गिअरबॉक्सचं तेल, बाबा. फॅरनहाइटमध्ये."

"म्हणजे आपल्यात किती?"

"शंभर."

"शंभर! अरे पाणी उकळतं की शंभरला. उभी कर ना बाजूला."

मी सांगितलं की हे तेल आहे, पाणी नाही, शंभरला त्याला काही होत नाही, आणि या उंचीवर पाणी तर नव्वद-एक्याण्णवलाच उकळतं, म्हणून आई म्हणते ना इथला चहा बेचव लागतो. ते गप्प बसले पण पटलं नव्हतं. मग त्यांनी कासारा घाटाची गोष्ट काढली. पूर्वीच्या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, त्यावर लोखंडी झाकण, त्यावर गोधडी टाकलेली. काटे बंद पडलेले असायचे निम्म्या गाड्यांचे. चढाला लागलं की ते डाव्या हाताचा पंजा त्या झाकणावर ठेवायचे, नेहमी एकाच जागी, आणि हात किती वेळ ठेवता येतो त्यावर ठरवायचे. क्लच प्लेटचा वास आला की वेगळं, पट्टा जळल्याचा वास आला की वेगळं. वर इगतपुरीला टेकलं की ओलं गोणपाट घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायचं, तेही दोन टप्प्यांत. हे मी लहानपणापासून ऐकलेलं आहे, पण हातात ग्राफ असताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

सिल्व्हर प्लूमच्या पुढे चढ जरा कमी झाला आणि आकडा वाढला. २१५, २१७, २१९. मला कळेना. बाबा खिडकीतून बाहेर बघतायत असं वाटत होतं, पण ते ऐकत होते.

"मघाशी चढ जास्त होता तेव्हा नाही वाढला," ते म्हणाले. "आत्ता तुझी गाडी सारखी गिअर बदलतेय. वर टाकतेय, परत खाली घेतेय. तिला एकदा काय ते ठरवू दे. एक गिअर धर."

आणि तेच होतं. चढ थोडा सैल झाला की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकायचा, ताकद पुरायची नाही, लॉकअप सुटायचा, गिअर परत खाली, पुन्हा लॉक, पुन्हा वर. दर बदलाला कन्व्हर्टर मोकळा आणि तेलात उष्णता. मी टो-हॉल, म्हणजे वजन ओढताना लावायचा मोड, लावला होता, तो हे बरंच कमी करतो, लॉकअप लवकर धरतो आणि वरचा गिअर उशिरा टाकतो, पण त्या तुकड्यावर त्यालाही जमत नव्हतं. लिव्हर एममध्ये, म्हणजे मॅन्युअलवर आणला, बटणाने तिसरा धरला. इंजिन ३,५०० वर गेलं, मोठ्याने ओरडायला लागलं, मागून बायको म्हणाली काय झालं, आणि बाबा म्हणाले ओरडू दे, ओरडल्याने इंजिन मरत नसतं. दोन मिनिटं काही झालं नाही. मग २१७. मग २१२. बोगद्याच्या तोंडाशी २०३ होतं आणि वेग तोच होता, पंचेचाळीस.

इंजिनचा आवाज वाढला की आपण घाबरतो, मला वाटतं मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर आलेल्या प्रत्येकाला वाटतं की गाडीला त्रास होतोय. उलट असतं. जास्त आरपीएमला पाण्याचा पंप जास्त फिरतो, कन्व्हर्टर लॉक राहतो, आणि तीच ताकद कमी जोर लावून मिळते. शांत वरच्या गिअरमध्ये कण्हत चाललेली गाडी आतून जास्त तापलेली असते, पण ते कानाला कळत नाही. त्यासाठीच तो आकडा लागतो. मला आता विचारलं की या गेजचा उपयोग काय तर मी हेच सांगेन, बिघाड आधी कळतो वगैरे आहेच, पण मुख्य म्हणजे तो चालवायला शिकवतो. तुम्ही काहीतरी केलंत आणि त्याचं काय झालं हे दोन मिनिटांत समोर दिसतं. दिवा ते शिकवत नाही.

बोगद्यातून बाहेर पडलं की उलटा प्रकार. सिल्व्हरथॉर्नपर्यंत साधारण आठ मैल, सहा-सात टक्के उतार, ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला खडीचे रॅम्प, आणि खालच्या गिअरमध्ये चला म्हणून पाट्या. बाबांनी पाटी न वाचताच सांगितलं, ज्या गिअरमध्ये चढलास त्यातच उतर. कासाऱ्याचा नियम. उतरताना तेल थंडच राहतं असं मला वाटायचं, पण इंजिन ब्रेकिंगमध्येही काम गिअरबॉक्समधूनच होतं, लॉकअप धरला नाही तर उतरतानाही आकडा थोडा चढतो. थोडाच. ब्रेक जाळण्यापेक्षा तो परवडला.

चढाचं सगळे बोलतात, पण आमचा आजवरचा सगळ्यात वाईट आकडा डोंगरात आलेला नाही. नेब्रास्कात आला, आय-एटीवर, जिथे रस्ता टेबलासारखा सपाट आहे आणि वारा समोरून. कॅम्परचं तोंड म्हणजे सपाट भिंत, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे समोरून ताशी पंचवीस मैलांचा वारा असेल तर सत्तरने जाणारी गाडी हवेच्या दृष्टीने पंच्याण्णवने चाललेली असते. गिअरबॉक्स पाचवा-सहावा, पाचवा-सहावा असं तासभर करत होता, चढ असता तर कधीतरी संपला असता, नेब्रास्का संपत नाही. बासष्टवर आलो, पाचवा धरला, आकडा उतरला. नाहीतरी त्या एसटी टायरांपैकी बऱ्याच टायरांची मर्यादा पासष्टच असते, हेही अनेकांना माहीत नसतं आणि ते ऐंशीने आपल्याला ओव्हरटेक करून जातात.

तिसरी जागा म्हणजे कॅम्पसाइटवर रिव्हर्स. ग्रॅव्हलचा चढता तुकडा, झाडाच्या आणि पाण्याच्या नळाच्या मधे कॅम्पर घालायचा, बायको मागे उभी राहून हात करतेय, डावीकडे म्हणजे तुझ्या का माझ्या यावर वाद, आणि दहा मिनिटांत आकडा डोंगरातल्या हायवेवर गेला नव्हता इतका वर. कारण उघड आहे, वेग शून्याच्या आसपास, सगळं वजन, कन्व्हर्टर लॉक होण्याचा प्रश्नच नाही, आणि कूलरवर वारा नाही. इथे फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर, कामाला येतो. ग्रॅव्हलवर, मातीवर असाल तर ट्रान्स्फर केस लो मध्ये टाका, इंजिनला तेच काम हलक्याने होतं आणि गाडी मुंगीच्या पावलाने मागे जाते. कोरड्या डांबरावर नको, तिथे पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात.

पोचल्यावर लगेच बंद करायची नाही, दोन-चार मिनिटं चालू ठेवायची म्हणजे पंप तेल फिरवत राहतो. जुन्या डॉज ट्रकवाले हे न्यूट्रलमध्ये करतात, पार्किंग ब्रेक ओढून, कारण त्यांच्या त्या गिअरबॉक्समध्ये पार्कला टाकलं की कूलरकडे तेल जातच नाही.

वसंतात तेल बदललं. 'लाइफटाइम' तेल असं ब्रोशरमध्ये लिहितात तेव्हा कोणाचं लाइफ ते लिहीत नाहीत, आणि मॅन्युअलच्या मागच्या पानांत ट्रेलर ओढणं हे 'सिव्हिअर' वापरात धरलेलं असतं, तिथे वेळापत्रक वेगळं. पॅन काढला तर साधारण निम्मंच तेल येतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं. नवं तेल लालभडक, डाळिंबाच्या रसाचा रंग, इंजिन ऑइल गळतंय का गिअरबॉक्स हे कळावं म्हणून रंग घातलेला. आमचं जुनं विटकरी निघालं होतं, पण जळका वास नव्हता. पॅनच्या तळाशी एक चुंबक असतो, त्यावर राखाडी लगदा साचलेला, बोटांत चोळला तर मऊ, टाल्कम पावडर भिजवल्यासारखा. तो मऊ असणं चांगलं, क्लच आणि गिअर रोजचे झिजतात त्याचा तो चुरा. कण हाताला टोचले असते तर हा लेख वेगळा झाला असता. पातळी तपासायलाही तापमानच लागतं, गरम तेल फुगतं, आणि काही गाड्यांत तर डिपस्टिकच नाही, तेल ठरावीक तापमानाला आणून खालचा बोल्ट उघडायचा आणि बारीक धार येऊन थांबायला लागली की पातळी बरोबर. थंड असताना बघून भरलं तर जास्त पडणार, जास्त तेल फेसाळणार, आणि फेस काही थंड करत नाही.

बाबांना व्हिडिओ कॉलवर तो चुंबक दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, किती घेतले असते बाहेर याचे. मी सांगितल्यावर रुपयांत गुणाकार केला आणि म्हणाले घरीच करत जा.

आता डोक्यात मोठा कूलर आहे. रेडिएटरच्या पुढे बसतो, प्लेटवाला, अर्ध्या दिवसाचं काम, आणि माझ्या हिशोबाने आय-सेव्हन्टीवर दहा-पंधरा डिग्री तरी उतरतील. बायकोला ग्राफ काढून दाखवला, मागचे सगळे चढ, लाल रेघ २२० ला. तिने शांतपणे बघितला, आणि म्हणाली की कॅम्परच्या छताचा सील गेलाय, मागच्या पावसात मुलीच्या गादीवर पाणी आलं, त्याचा ग्राफ कधी काढतोयस. त्यामुळे कूलर बहुतेक पुढच्या वर्षी.